आग्वादला पडलेले दोन अधिकारी आणि सातवीचा वर्ग

मुरगाव तालुक्यातील एका शाळेत सातवीला मराठी आणि समाजशास्त्र शिकवणाऱ्या एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. गोवा मुक्तिदिनानिमित्त त्यांच्याकडे चार तासिका आणि 19 डिसेंबरच्या सकाळचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम सोपवला आहे. त्यांच्या वर्गात नौदलातील कर्मचाऱ्याची मुलगी आहे, एका स्वातंत्र्यसैनिकाचा पणतू आहे आणि ज्याचे वडील पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला नोकरीसाठी गेले आहेत असाही एक मुलगा आहे. गेल्या वर्षी घोषणा देताना कोणीतरी त्या मुलाला ‘पाखलो’ (गोऱ्या पोर्तुगीजासाठी वापरला जाणारा शब्द) म्हटले आणि पुढचे दोन दिवस तो शाळेत आला नाही. शिवाय एका विद्यार्थ्याने, ‘बाई, त्यांचेही सैनिक मेले ना, मग त्यांच्यासाठी कोण उभे राहते?’ असे विचारले तेव्हा ताईंना उत्तर सुचले नाही. सैनिकांचा त्याग शिकवताना देशाभिमान जागा व्हावा आणि वर्गातले कोणी दुखावलेही जाऊ नये, हे कसे साधावे, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, मी डिचोली आणि पेडणे तालुक्यांतील शाळांत 31 वर्षे इतिहास शिकवला आणि हा प्रश्न दर डिसेंबरात माझ्यासमोर आला. तुम्ही देशाभिमान एका पारड्यात ठेवला आहे आणि मुलांचे न दुखावणे दुसऱ्यात, आणि दोन्ही पारडी समतोल कशी राहतील याची काळजी करत आहात. माझा अनुभव असा आहे की या दोन गोष्टींत मुळात विरोध नाही. मुलांना काही कळण्याआधीच आपण त्यांच्याकडून भावनेची मागणी करतो, तेव्हा हा विरोध उभा राहतो. कोण, कुठे, कशासाठी मेला हे ज्या मुलाला ठाऊकच नाही, त्याच्यापाशी अभिमान दाखवायला आवाजाशिवाय दुसरे साधन नसते, आणि मोठ्या आवाजाला समोर कोणीतरी लागतो. तुमच्या वर्गात तो ‘कोणीतरी’ म्हणून लंडनला गेलेल्या बापाचा मुलगा सापडला.

पुढचे सगळे परिस्थितीवर अवलंबून आहे हे आधी मान्य करतो. चौथीच्या मुलांना मी यातले निम्मेही सांगणार नाही, आणि नववीच्या मुलांना याहून अवघड गोष्टी सांगीन. एखाद्या मुलाच्या घरी सैन्यातला मृत्यू अलीकडे घडला असेल, तर त्याच्या आईशी बोलल्याशिवाय हा विषय वर्गात काढू नये. तुमच्या मुख्याध्यापकांचा कल, पालक-शिक्षक संघाचे वातावरण, कार्यक्रमाला येणारे पाहुणे या गोष्टी मला इथून दिसत नाहीत. त्यामुळे मी काय करत आलो आणि का, एवढेच सांगतो. त्यातले तुमच्या वर्गाला मानवेल ते घ्या.

सुरुवात मी एका मृत्यूपासून करतो. ‘हजारो वीरांनी रक्त सांडले’ हे वाक्य मी वर्गात कधीच म्हणत नाही, कारण हजार ही संख्या बारा वर्षांच्या मुलाच्या मनात कोणताही चेहरा उभा करत नाही. मी आग्वादची गोष्ट सांगतो. आग्वादचा किल्ला मुलांनी पाहिलेला असतो, निदान तिथला तुरुंग आता संग्रहालय झाला आहे हे ऐकलेले असते. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्याची एक तुकडी दोडामार्गाकडून थिवीमार्गे मांडवीच्या उत्तर काठावर बेतीपर्यंत आली. तिच्यात शीख लाइट इन्फंट्रीचे जवान होते आणि सातव्या लाइट कॅव्हलरीचे रणगाडे होते. आग्वादच्या किल्ल्यात भारताच्या बाजूचे राजकीय कैदी अडकले आहेत अशी बातमी आली, तेव्हा त्यांना सोडवण्यासाठी मेजर शिवदेव सिंग सिद्धू निघाले. किल्ल्यातील पोर्तुगीज शिपायांना शरण येण्याचा हुकूम तोवर मिळालेला नव्हता. त्यांनी गोळीबार केला आणि त्यात मेजर सिद्धू व कॅप्टन विनोद सेहगल मारले गेले.

एवढे सांगून मी थांबतो आणि फळ्यावर एकच प्रश्न लिहितो: ‘त्या वेळी कोणाला काय ठाऊक होते?’ मुले हळूहळू मांडू लागतात. सिद्धूंना आत कैदी आहेत हे ठाऊक होते. आतले शिपाई लढणार की दार उघडणार हे ठाऊक नव्हते. आतल्या शिपायांना बाहेर काय घडते आहे हे ठाऊक नव्हते. कैद्यांना आपल्यासाठी कोणी येत आहे हे बहुधा ठाऊक नसावे. एका वर्षी एक मुलगी बराच वेळ गप्प राहून म्हणाली, ‘सर, निरोप वेळेवर पोचला असता तर ते वाचले असते.’ होय, कदाचित वाचले असते. त्यागाचा अर्थ मुलाला इथे कळतो. युद्ध जिंकत आल्यावर, शेवटच्या घटकेला, ज्यांची तोंडओळखही नाही अशा कैद्यांसाठी एक माणूस पुढे काय वाढून ठेवले आहे हे न कळताच निघतो. त्या निघण्याला त्याग म्हणायचे. मरण हा त्या निघण्याचा एक संभाव्य शेवट होता आणि त्यांच्या वाट्याला तोच आला. हे समजलेल्या वर्गाला अभिमान बाळगा असे सांगावे लागत नाही, आणि त्या अभिमानासाठी कोणाला पाखलो म्हणण्याची गरजही उरत नाही.

तुमची शाळा मुरगावात आहे, म्हणून तुमच्याकडे आग्वादहून जवळची जागाही आहे. 18 डिसेंबर 1961 रोजी मुरगाव बंदरात ‘आफोन्सो द आल्बुकेर्क’ ही पोर्तुगीज युद्धनौका आणि भारताच्या ‘बेतवा’ व ‘बियास’ या नौका यांच्यात लढाई झाली. त्याच दिवशी अंजदीव बेट घेताना भारतीय नौदलाचे सात जण मारले गेले. त्यांचे स्मारक गोव्यातील ‘आयएनएस गोमंतक’ या नौदल तळावर आहे. बंदर दिसेल अशा उंचवट्यावर वर्गाला नेता आले तर एक तासिका तिथेच घ्या. मात्र तिथे नौदलातील कर्मचाऱ्याच्या मुलीला पुढे बोलावून ‘हिचे बाबा नौदलात आहेत’ असे सांगू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ही विनंती माझ्या एका चुकीतून आली आहे. 1999 साली कारगिलची लढाई चालू असताना मी आठवीच्या वर्गाला ‘मी सैनिक झालो तर’ हा निबंध घातला. एका मुलीने कोरी वही दिली आणि मी तिला सगळ्यांसमोर बोललो. तिचा मामा आघाडीवर होता आणि कित्येक दिवसांत घरी पत्र आलेले नव्हते, हे मला तिच्या आजीकडून नंतर कळले. ज्या विषयाचा अभिमान मी वर्गाला शिकवत होतो, त्याचे सगळ्यांत मोठे ओझे वाहणाऱ्या मुलीलाच मी दोषी ठरवले होते. तेव्हापासून या विषयावर मी कोणाला सक्तीने लिहायला किंवा बोलायला लावलेले नाही. सैन्यातल्या घरच्या मुलांना अभिमानाबरोबर भीतीही असते आणि ती भीती त्यांना वर्गासमोर मांडायची नसते. तुमच्या त्या मुलीला आदल्या दिवशी एकटीला बोलावून एवढेच विचारा: ‘उद्या आपण हे बोलणार आहोत, तुला काही सांगायचे आहे का?’ ती नाही म्हणाली तर विषय तिथेच सोडा.

दुसऱ्या तासिकेत मी सैन्याच्या आधीची वर्षे घेतो. गोवा सैन्याने 36 तासांत मुक्त केला, अशी बहुतेक मुलांची समजूत असते. वर्षे नुसती सांगून ही समजूत जात नाही. पुन्हा एक माणूस समोर आणावा लागतो. 18 जून 1946 रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी बंदी मोडून सभा घेतली, हे मुलांना क्रांतिदिनामुळे ठाऊक असते. अस्नोड्याचे बाळा राया मापारी पोलिसांच्या कोठडीत छळाने मेले आणि मुक्तिसंग्रामातील पहिले हुतात्मे मानले जातात, हे कमी मुलांना ठाऊक असते. 15 ऑगस्ट 1955 रोजी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले निःशस्त्र सत्याग्रही पत्रादेवी, तेरेखोल अशा ठिकाणांहून गोव्यात शिरले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पत्रादेवीला पडलेल्यांत पंजाबचे कर्नैल सिंग होते. इथे मी मुलांना शब्द नीट वापरायला लावतो. हातात शस्त्र नसताना गोळीसमोर उभा राहिलेला सत्याग्रही, भूमिगत राहून शस्त्र उचललेला स्वातंत्र्यसैनिक आणि हुकूम पाळणारा गणवेशातला जवान यांचे धैर्य वेगवेगळे आहे. सगळ्यांना एकाच ‘वीर’ शब्दात कोंबले की तिघांपैकी कोणाचेच काही कळत नाही.

मोहन रानडे यांच्यासाठी मी निम्मी तासिका राखून ठेवतो. 1955 मध्ये जखमी अवस्थेत पकडले गेलेले रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले ते जानेवारी 1969 मध्ये. मी मुलांना बोटे मोजायला सांगतो: 1962, 1963, 1964... गोव्यात सात मुक्तिदिन साजरे झाले तेव्हा, ज्यांनी त्या मुक्तीसाठी आयुष्य पणाला लावले ते रानडे परदेशी तुरुंगात होते. हे मोजून झाल्यावर वर्ग शांत होतो. ती शांतता लगेच भाषणाने भरून काढू नका. मी स्वतः तिथे दोन मिनिटे काहीच बोलत नाही.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. त्याला टाळू नका, कारण त्याने वर्गातला सर्वांत चांगला प्रश्न विचारला आहे. त्या कारवाईत भारताचे 22 आणि पोर्तुगालचे 30 सैनिक मारले गेले, असे आकडे सामान्यतः दिले जातात. पोर्तुगीज शिपायांत सक्तीच्या लष्करी सेवेसाठी आणलेली तरुण मुलेही होती. त्यांच्यासाठी त्यांच्या गावी, त्यांच्या घरचे उभे राहिले, असे त्याला सांगा; आणि त्याला त्यांच्यासाठीही क्षणभर उभे राहावेसे वाटले तर त्याने आपल्या हुतात्म्यांचा काहीच अपमान होत नाही, हेही सांगा.

पण तिथेच थांबलात तर वर्ग ‘म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच’ असे समजून घरी जाईल, आणि ते खरे नाही. मृत्यूचे दुःख दोन्हीकडे सारखे असू शकते. लढाईमागची कारणे सारखी नव्हती. एका बाजूला पोर्तुगालच्या सालाझारची हुकूमशाही होती, जिच्या राज्यात सभा घेतली म्हणून आणि लेख लिहिला म्हणून माणसे तुरुंगात जात होती. माझ्या मते शिक्षकाने इथे अजिबात डळमळू नये. शिपायाबद्दल करुणा आणि राजवटीबद्दल स्पष्ट निवाडा या दोन्ही गोष्टी मुलाच्या मनात एकत्र राहू शकतात. आपल्याला वाटते त्याहून मुले हे सहज पेलतात.

यासाठी मला सर्वांत उपयोगी पडलेला माणूस म्हणजे शेवटचा पोर्तुगीज गव्हर्नर जनरल, वासालो इ सिल्वा. शेवटच्या माणसापर्यंत लढा, शरण जाऊ नका, असा सालाझारचा हुकूम त्याला होता. 19 डिसेंबर 1961 च्या संध्याकाळी त्याने शरणागती पत्करली. मायदेशी त्याला त्याची शिक्षा भोगावी लागली, सैन्यातून बडतर्फ व्हावे लागले, आणि 1974 च्या क्रांतीनंतरच त्याचे पद त्याला परत मिळाले. मी वर्गाला विचारतो: त्याने हुकूम पाळला असता तर पणजीत काय झाले असते? तुमचे आजोबा तेव्हा कुठे होते? मुले घरी जाऊन विचारतात. एका मुलाने आजीकडून ऐकून आणले की 18 डिसेंबरच्या पहाटे अस्नोड्याचा पूल उडवल्याचा आवाज त्यांच्या घरापर्यंत आला होता आणि घरातली सगळी माणसे गोठ्यात जाऊन बसली होती. मागे हटणाऱ्या पोर्तुगीज सैन्याने पूल उडवले, हे पुस्तकातील वाक्य त्या मुलाला जन्मभर आठवेल. हुकूम मोडण्यातही कधी धैर्य असते, ही गोष्ट सातवीच्या मुलांना पटते. सहावीच्या वर्गात मात्र मी तिचा आग्रह धरला नाही, कारण तिथे त्याचा अर्थ ‘शिक्षकांचे ऐकायचे नाही’ असा निघू शकतो.

राहिला तो लंडनला गेलेल्या बापाचा मुलगा, आणि त्याच्याबरोबर राष्ट्रीय ओळखीचा प्रश्न. मला त्याच्याविषयी सगळ्यांत जास्त वाटते. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज कायद्याने नागरिकत्व मिळू शकते, आणि त्या पासपोर्टवर गोव्यातील अनेक माणसे युरोपात कामाला गेली. पोटासाठी बाहेर जाणे गोव्याला नवे नाही. बोटीवर, आफ्रिकेत, आखातात गेलेला माणूस आपल्या प्रत्येक वाड्यावर सापडेल. हे वर्गाला सांगताना त्या मुलाचे नाव घ्यायचे नाही आणि त्याच्याकडे पाहायचेही नाही. ‘आपल्या घरातून कोण कोण कामासाठी बाहेर गेले?’ असे सगळ्यांना विचारा. नौदलातील कर्मचाऱ्याची मुलगीही हात वर करील, कारण तिचे वडीलही गाव सोडूनच आले आहेत.

त्यानंतर तेलो द मास्कारेन्यश यांचे नाव सांगा. त्यांचे शिक्षण पोर्तुगालात झाले, ते पोर्तुगीजमध्ये लिहीत, आणि गोव्याच्या मुक्तीसाठी त्यांनी जो तुरुंगवास भोगला तो 1970 मध्ये संपला. भाषा, पेहराव, प्रार्थनेची जागा किंवा बापाच्या नोकरीचा देश पाहून कोण आपला हे ठरवायचे असते, तर मुक्तिसंग्रामातील निम्मी नावे आपल्याला खोडावी लागली असती. वेळ असेल तर 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलाबद्दलही दोन वाक्ये बोला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा यावर घराघरांत वाद झाले, आणि शेवटी 34,021 मतांच्या फरकाने वेगळे राहण्याचा निर्णय झाला. आम्हा मराठीप्रेमींच्या घरांत तो निकाल अनेकांच्या मनाला लागला होता, माझ्या वडिलांच्याही मनाला लागला होता. तरी दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांशी बोलणे चालूच राहिले. आपण कोण यावर वाद घालूनही एका देशात राहता येते, याहून चांगला नागरिकशास्त्राचा धडा मला माहीत नाही.

‘पाखलो’ या शब्दाबद्दल मात्र वर्गात स्पष्ट नियम करा. मी मुलांना सांगत असे की तो शब्द आपल्या आजोबांनी बंदूकधारी सत्तेसाठी वापरला. वर्गमित्रासाठी तो वापरायचा नाही. कारण समजले की मुले नियम पाळतात.

चौथी तासिका मी जिवंत राहिलेल्यांसाठी ठेवतो, कारण मेल्याशिवाय त्याग होत नाही असे मुलांना वाटू लागणे मला धोक्याचे वाटते. आपल्या शेजारच्या कारवारजवळील चेंडिया गावचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांना परमवीर चक्र मिळाले ते रस्ता साफ केल्याबद्दल. एप्रिल 1948 मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यात सुरुंग पेरलेले होते, झाडे पाडून ठेवलेली होती आणि वरून मारा चालू होता. पहिल्याच दिवशी राणे जखमी झाले, तरी पुढचे दिवस ते रणगाड्यांसाठी वाट मोकळी करत राहिले. ते परत आले आणि पुढे 1994 पर्यंत जगले. एका मुलाने विचारले, ‘त्यांनी किती शत्रू मारले?’ मी म्हणालो, ‘ज्या कामासाठी परमवीर चक्र मिळाले, ते काम सुरुंग काढण्याचे होते.’ त्याला ते खूप विचित्र वाटले आणि त्याने ते घरी जाऊन सांगितले, असे त्याची आई पुढे मला म्हणाली.

एक छोटी अडचण तुम्हाला नक्की येईल. गोव्याच्या कारवाईचे नाव ‘ऑपरेशन विजय’ होते आणि 1999 च्या कारगिलच्या कारवाईचेही तेच होते. इंटरनेटवरून माहिती आणणारी मुले दोन्हींची चित्रे एकाच तक्त्यावर चिकटवतात. तक्ता लावण्याआधी तो तपासा.

कार्यक्रमाबद्दल थोडक्यात. लाकडी बंदुका घेऊन लढाई दाखवणारी नाटिका बसवू नका. तीत कोणाला तरी पोर्तुगीज व्हावे लागते, आणि ते काम कोणाच्या वाट्याला येईल हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याऐवजी पाच-सहा मुलांना एकेक नाव द्या: बाळा मापारी, कर्नैल सिंग, मेजर सिद्धू, कॅप्टन सेहगल, आणि अंजदीवचे सात जण एकत्र. प्रत्येकाने तीन-चार वाक्यांत ते कोण, कुठे आणि कसे गेले एवढेच सांगावे. स्वातंत्र्यसैनिकाच्या पणतूला त्याच्या पणजोबांचेच नाव दिले पाहिजे असे नाही. त्याला सिद्धूंचे द्या आणि पणजोबांबद्दल दुसऱ्या कोणाला बोलू द्या, म्हणजे तो वारसा एका घरापुरता राहत नाही. लंडनला गेलेल्या बापाच्या मुलाला, त्याची इच्छा असेल तर, मास्कारेन्यश यांच्याबद्दल बोलू द्या. तो नको म्हणाला तर त्याला घंटा द्या: नावे संपली की त्याने घंटा वाजवायची, सगळ्यांनी एक मिनिट उभे राहायचे, आणि त्याने दुसरी घंटा दिली की मगच राष्ट्रगीत सुरू करायचे.